देवाच्या राज्यात कोणाचं चालतं?

लालबाग-परळच्या गिरण्या चालू होत्या तेव्हा पाळी सुरू होण्याआधी दारात दोन तऱ्हेची माणसं दिसत. कायम कामगार सरळ आत जाई. बदली कामगार कार्ड घेऊन बाहेर थांबे. आत कोणाचा खाडा पडला तर याला काम, नाहीतर डबा तसाच घेऊन खोलीवर परत. कोणाला आत घ्यायचं हे पुष्कळदा जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, मर्जीवर असे. 1982च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या, पण सकाळी कामासाठी ताटकळणारा माणूस या शहरातून गेलेला नाही. मजूर नाक्यांवर थापी, ब्रश, फावडं घेऊन तो आजही उभा असतो, आणि दहा वाजून गेले तरी कोणी बोलावलं नाही की त्याच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसतं.

येशूने सांगितलेला एक दृष्टांत याच माणसाचा आहे. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या 20व्या अध्यायात तो येतो. द्राक्षमळ्याचा मालक पहाटे बाजारात जाऊन मजूर ठरवतो, दिवसाची मजुरी कबूल करतो. नऊ वाजता पुन्हा जातो, बारा वाजता जातो, तीन वाजता जातो. संध्याकाळी पाचलाही जातो, तेव्हा काही माणसं रिकामीच उभी दिसतात. का उभे आहात असं विचारल्यावर ती सांगतात की कोणी कामच दिलं नाही. त्यांनाही तो मळ्यात पाठवतो. दिवस बुडताना पगारवाटप सुरू होतं ते शेवटी आलेल्यांपासून, आणि तासभर राबलेल्याच्या हातावर पूर्ण दिवसाची मजुरी पडते. पहाटेपासून उन्हात खपलेल्यांना वाटतं, आपल्याला आता जास्त मिळणार. त्यांनाही तेवढीच मिळते आणि ते कुरकुर करतात.

गोष्ट सांगण्याआधीच येशूने म्हटलेलं असतं की स्वर्गाचं राज्य हे अशा मालकासारखं आहे. ख्रिस्ती शिकवणुकीतली ही मध्यवर्ती कल्पना ज्याला समजून घ्यायची आहे, मग तो ख्रिस्ती असो वा नसो, त्याने याच दृष्टांतापासून सुरुवात करावी, कारण तो अंगावर येतो. व्याख्या वाचून माणूस मान डोलावतो. हा दृष्टांत वाचून वाद घालतो. हा वेतनाचा कायदा नव्हे, आणि कोणत्याही मालकाने तो मजुरी बुडवायला वापरू नये. पण त्याची धार बोथटही करू नये. एका दिवसाची मजुरी म्हणजे त्या काळी एका कुटुंबाचं एका दिवसाचं जेवण. पाच वाजता कामाला लागलेल्याच्या घरीही तेवढीच तोंडं आहेत. मळ्याचा मालक तास मोजत नाही, तो चूल पेटेल की नाही हे बघतो.

चाळीत, गल्लीत, खात्यात, मंडळात मुंबईकर नवा गेला की पहिल्यांदा अंदाज घेतो तो इथे कोणाचं चालतं याचा. देवाचं राज्य म्हणजे नेमका हाच प्रश्न देवाच्या बाजूने विचारलेला. जिथे देवाचं चालतं तिथे काय घडतं? कोण पुढे बसतं, कोणाची कर्जं माफ होतात, कोणाची वाट पाहिली जाते? पहिल्या तीन शुभवर्तमानांत येशू दुसऱ्या कशापेक्षाही याबद्दल जास्त बोलतो. मार्काच्या पहिल्या अध्यायात त्याच्या प्रचाराची सुरुवातच काळ भरल्याच्या आणि देवाचं राज्य जवळ आल्याच्या घोषणेने होते.

पण पुष्कळ वाचकांची गाडी इथेच चुकीच्या फाट्याला लागते. देवाचं राज्य म्हणजे मेल्यावर जायची जागा, असं धरलं जातं. मत्तय ‘स्वर्गाचं राज्य’ असा शब्दप्रयोग करतो, त्यामुळे हा समज पक्का होतो. ताडून पाहायचं असेल तर डोंगरावरील प्रवचनातलं पहिलं धन्यवचन मत्तयाच्या 5व्या अध्यायात वाचावं आणि लगेच लूकचा 6वा अध्याय उघडावा. तेच वचन, पण लूक तिथे ‘देवाचं राज्य’ म्हणतो. मत्तयाचे वाचक यहुदी होते आणि देवाचं नाव जपून उच्चारण्याची त्यांची रीत होती. दोघे एकाच गोष्टीबद्दल बोलत आहेत. मृत्यूनंतरच्या जीवनाची आशा ख्रिस्ती श्रद्धेत आहेच, पण येशूच्या प्रार्थनेत मागणं आहे ते राज्य इकडे येण्याचं, स्वर्गात आहे तसं पृथ्वीवर घडण्याचं. आणि त्याच्या पुढचीच मागणी रोजच्या भाकरीची आहे.

दुसरा फाटा सत्तेचा. येशूच्या काळी गालीलात हेरोद अंतिपाची सत्ता होती आणि तिच्यावर रोमचा हात होता. अशा मुलखात ‘राज्य’ हा शब्द उच्चारणं म्हणजे आगीशी खेळ. लोकांनी एकदा त्याला धरून राजा करायचा बेत केला तेव्हा तो एकटाच डोंगरावर निघून गेला, असं योहान सांगतो. तरीही शेवटी त्याच्या वधस्तंभावर लागलेल्या पाटीवर यहुद्यांचा राजा हाच आरोप तीन भाषांत लिहिलेला होता. म्हणजे त्याने सिंहासन नाकारलं, पण त्याचं बोलणं केवळ मनातल्या शांतीपुरतं आहे असं त्याला शिक्षा देणाऱ्या रोमन सुभेदार पिलातालाही वाटलं नाही. हे राज्य नुसतं अंतःकरणात आहे म्हणून सांगणाऱ्यांनी ती पाटी विसरू नये.

हे राज्य आलं आहे की यायचं आहे? यावर अभ्यासकांची शंभर वर्षं गेली. योहानेस वाइस याने 1892 मध्ये आणि अल्बर्ट श्वाइत्झर याने 1906 मध्ये मांडलं की येशूला ते लवकरच, एकदम, देवाच्या हातून येणारं वाटत होतं. सी. एच. डॉड या ब्रिटिश अभ्यासकाने 1935 मध्ये उलट बाजू घेतली: येशूच्या कामातच ते आलेलं आहे. आज बहुतेक शिक्षक दोन्ही धरून ठेवतात. ऑस्कर कुलमान याने दुसऱ्या महायुद्धाचा दाखला दिला होता. निर्णायक लढाई जिंकून झालेली, पण युद्ध संपल्याचा दिवस अजून उजाडायचा. सामान्य वाचकाने या वादात फार अडकू नये. राज्य सुरू झालं आहे म्हणून आज हातपाय हलवायचे, आणि ते पूर्ण झालेलं नाही म्हणून आपल्या संस्थेला, पक्षाला किंवा मंडळीला, म्हणजे चर्चला, देवाचं राज्य समजायचं नाही, एवढं धरलं तरी पुष्कळ.

आता वाचायचं कसं? मार्काचं शुभवर्तमान 16 अध्यायांचं, चारांतलं सगळ्यांत लहान. ते एका बैठकीत, शक्य तर मोठ्याने वाचावं. मग मत्तयाचे 5 ते 7 आणि 13 हे अध्याय, लूकचे 14 आणि 15, आणि शेवटी मत्तयाचे 18, 20 आणि 25. दृष्टांत वाचताना एक युक्ती फार उपयोगी पडते: त्यात रागावलेलं माणूस शोधावं. मळ्यात पहाटेपासून राबलेले मजूर रागावलेत. उधळ्या मुलाच्या गोष्टीत थोरला भाऊ रागावून दाराबाहेर उभा आहे. आत गाणं-बजावणं चालू आहे आणि बाप त्याची समजूत घालायला बाहेर आलाय. मत्तय 18 मध्ये प्रचंड कर्ज माफ झालेला चाकर, त्या मानाने चार दमड्याच देणं लागणाऱ्या सोबत्याचा गळा धरतो, तेव्हा खुद्द राजा रागावतो. कोण रागावलं आणि कशामुळे, हे कळलं की देवाचं राज्य आपल्या कुठल्या हिशेबाला धक्का देतं ते कळतं. बहुधा तो हिशेब चांगल्या, कष्टाळू, नियमाने वागणाऱ्या माणसाचाच असतो. म्हणून या गोष्टी धार्मिक लोकांना जास्त टोचतात.

सगळेच दृष्टांत भांडणाचे नाहीत. मोहरीचा दाणा आणि खमीर हे दोन मत्तय 13 मध्ये लागोपाठ येतात, आणि मराठी घरात ते समजावून सांगावे लागत नाहीत. मुंबईच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत लग्नाला फुगे होतात. मैद्याचं पीठ सैलसर भिजवून, पूर्वी ताडी घालून आणि आता बहुधा यीस्ट घालून, झाकून ठेवतात. काही तासांनी झाकण काढलं की पीठ वर आलेलं, जाळी पडलेली, आंबूस वास सुटलेला. मग ओल्या मुठीतून एकेक गोळा कढत तेलात सुटतो आणि फुगून गरगरतो. येशूच्या गोष्टीतली बाई तीन मापं पिठात खमीर घालते. तीन मापं म्हणजे शंभरेक माणसांच्या जेवणाचं पीठ, एका घराचं नव्हे. थोडं, झाकलेलं, दिसेनासं झालेलं, आणि गावजेवणाएवढं.

लूकच्या 14व्या अध्यायातली मेजवानीची गोष्ट महाराष्ट्रात वाचताना पंगत आणि पंक्तिभेद आठवल्यावाचून राहत नाही. बोलावलेले सबबी सांगून येत नाहीत, तेव्हा यजमान गल्लीबोळांतल्या दरिद्री, अपंग, आंधळ्या माणसांना आणून बसवतो. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये या दृष्टांताचं जितंजागतं भाष्य सापडतं, जरी त्यांनी ते भाष्य म्हणून लिहिलेलं नाही. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पुढे लक्ष्मीबाई त्यांच्याकडे राहायला गेल्या, पण सोवळं-ओवळं सांभाळून, वेगळं पाणी, वेगळा स्वयंपाक. मनात बराच झगडा झाल्यावर एक दिवस त्यांनीच ठरवलं की जाती माणसाने केल्या, तेव्हा यापुढे कोणाच्याही हातचं खायचं-प्यायचं. त्यांचा बाप्तिस्मा त्यानंतरचा. ताटापासून सुरू झालेलं हे परिवर्तन वाचल्यावर लूकच्या मेजवानीवर वेगळं प्रवचन लागत नाही.

रेव्हरंड टिळकांना ख्रिस्ताची ओढ लागली तीही डोंगरावरील प्रवचनामुळे. आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने दिलेला नवा करार त्यांनी वाचायला घेतला आणि त्या तीन अध्यायांनी त्यांना सोडलं नाही. पण मराठीत देवाच्या राज्याचा विचार करणाऱ्याने टिळकांच्या आयुष्याची शेवटची दोन वर्षं मुद्दाम पाहावीत. 1917 मध्ये त्यांनी मिशनचं पगारी काम सोडलं आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र बसावेत अशी त्यांची कल्पना होती. परदेशी पैशावर आणि परदेशी वळणावर चालणाऱ्या मंडळीपेक्षा मोठं, मोकळं, इथल्या मातीतलं काहीतरी त्यांना हवं होतं. 9 मे 1919 रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं आणि दरबार फार काळ टिकला नाही. तरी त्यांनी विचारलेला प्रश्न खरा आहे. मंडळीची हद्द संपते तिथे देवाचं राज्यही संपतं का? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 मध्ये चर्चला त्या राज्याचं बीज आणि आरंभ म्हटलं. बीज आणि पीक एकच नसतं, हे टिळकांनी साताऱ्यात आधीच जगून पाहिलं होतं.

गिरगावात सुरू झालेल्या एका कामावरून हा प्रश्न त्याहूनही आधी पेटला होता. पंडिता रमाबाईंनी 11 मार्च 1889 रोजी चौपाटीजवळ शारदा सदन उघडलं. केस काढलेल्या, घराच्या कोपऱ्यात बसवलेल्या विधवांनी तिथे शिकावं, उजळ माथ्याने वावरावं, यासाठी. पहिल्या विद्यार्थिनींमध्ये गोदूबाई होत्या. 1893 मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला. त्याच वर्षी सदनातल्या मुली ख्रिस्ती होत आहेत यावरून पुण्यात वादळ उठलं आणि रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार दूर झाले. रमाबाईंच्या बाजूने आणि विरुद्ध पुष्कळ लिहिलं गेलं. पण लूकच्या 18व्या अध्यायात न्यायाधीशाच्या दारात खेटे घालून न्याय पदरात पाडून घेणारी विधवा आहे. तो अध्याय वाचून कोणी सदनाकडे पाहिलं, तर बाप्तिस्म्यांची मोजणी हा त्या कामाचा हिशेब नव्हे हे त्याला पटावं. लिहायला शिकलेली गोदूबाई हा हिशेब आहे. पुढे कर्व्यांच्या घरी आणि कामात ती कर्तेपणाने उभी राहिली.

तिसरं उदाहरण भायखळ्याच्या वाटेवर, नागपाड्यात. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी 1926 मध्ये तिथे नागपाडा नेबरहुड हाउस सुरू केलं. त्या पिढीतल्या अमेरिकन प्रॉटेस्टंटांवर वॉल्टर राउशेनबुशच्या 1907च्या पुस्तकाचा प्रभाव होता. पाप फक्त माणसाच्या मनात नसतं, घरभाड्यात, मजुरीत, गटारांतही असतं आणि देवाच्या राज्याला त्या सगळ्यांशी काम आहे, असा त्या विचाराचा गाभा. नागपाड्यातल्या कामातून प्रशिक्षित समाजकार्यकर्त्यांची गरज पुढे आली, आणि 1936 मध्ये मॅनशार्ट यांच्याच नेतृत्वाखाली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क उघडलं. आज देवनारला आहे ती टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस म्हणजे तीच. तिथे शिकणाऱ्या फार थोड्यांना ठाऊक असेल की तिचं मूळ एका मिशनच्या कामात आहे, आणि ठाऊक नसलं तरी बिघडत नाही. पिठात मिसळलेलं खमीर वेगळं दिसत नाही.

ही कल्पना ख्रिस्ती वर्तुळाबाहेरही पोचली. गांधीजींनी टॉलस्टॉयचं देवाच्या राज्यावरचं 1894चं पुस्तक दक्षिण आफ्रिकेत वाचलं आणि त्याने ते हलून गेले. पुढे 1929 मध्ये त्यांनी ‘यंग इंडिया’त स्पष्ट केलं की रामराज्य म्हणजे हिंदूंची सत्ता असं आपल्याला अभिप्रेत नाही, आपल्याला देवाचं राज्य म्हणायचं आहे. त्या वर्षांत मुंबईतला त्यांचा मुक्काम गावदेवीच्या मणिभवनात असे, चौपाटीपासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे अलीकडचं नाव. बायबलचं ‘सुबोध बायबल’ हे सोपं मराठी रूप त्यांनी 2010 मध्ये दिलं, आणि हरित वसईच्या आंदोलनात जमिनी, विहिरी, बागा वाचवण्यासाठी ते रस्त्यावरही उतरले. एकाच माणसाने दोन्ही करावं हे अनेकांना नवल वाटलं. येशूने नासरेथच्या सभास्थानात यशयाचा कोणता उतारा वाचला, दरिद्र्यांना सुवार्ता आणि बंदिवानांना सुटका सांगणारा, हे ज्याने लूकच्या 4थ्या अध्यायात पाहिलं आहे त्याला ते नवल वाटू नये.

मत्तयाच्या 25व्या अध्यायात राजा न्यायनिवाडा करतो तेव्हाची यादी प्रसिद्ध आहे: भुकेला, तान्हेला, परका, उघडा, आजारी, तुरुंगातला. ही यादी परळच्या नकाशावर ठेवून पाहावी. तीन-चार किलोमीटरच्या परिघात केईएम आहे, टाटा रुग्णालय आहे, सात रस्त्याजवळ ऑर्थर रोड कारागृह आहे. टाटा रुग्णालयाबाहेरच्या फुटपाथवर बिहार-बंगालपासून आलेली कुटुंबं फायली उशाला घेऊन झोपतात. परकाही तोच आणि आजारीही तोच. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा अशा रुग्णांना आसरा देते. टाटा रुग्णालयातले कर्करोगाचे शल्यचिकित्सक डॉ. एल. जे. डिसूझा यांनी 1986 मध्ये वांद्र्याला शांती अवेदना सदन सुरू केलं, ते बऱ्या न होणाऱ्या रुग्णांचं शेवटचं जगणं सुसह्य व्हावं म्हणून. ख्रिस्ती सदन आणि गाडगेबाबांची धर्मशाळा या दृष्टांतापुढे एकाच रांगेत येतात. मत्तयाच्या त्या निवाड्यातली विलक्षण गोष्ट अशी की राजाने उजवीकडे घेतलेल्या, मदत केलेल्या लोकांनाही तो ओळखू आलेला नव्हता. आम्ही तुला कधी पाहिलं, असं दोन्ही बाजूंचे लोक विचारतात.

म्हणून वाचनाबरोबर एक काम धरावं, छोटं आणि नेमाचं. परळला राहणाऱ्याने रुग्णाच्या नातेवाइकाला केसपेपरची खिडकी दाखवून द्यावी, फॉर्म भरून द्यावा, रक्त द्यावं. कारागृहात बाहेरच्या माणसाला सहज भेट मिळत नाही, पण भेटीच्या दिवशी दाराबाहेर ताटकळणाऱ्या बायका-मुलांना पाणी आणि चार शब्द द्यायला परवानगी लागत नाही. काम केल्याचा फोटो काढू नये. डोंगरावरील प्रवचनातला मत्तयाचा 6वा अध्याय त्याबाबत अगदी रोखठोक आहे. घरच्या मोलकरणीचा खाडा झाला की पगार कापणाऱ्याने मळ्याचा दृष्टांत त्या महिन्याच्या शेवटी पुन्हा वाचावा.

वाचायला चार-पाच जण जमवावेत, आणि त्यांत निदान एकजण पहिल्यांदाच वाचणारा असावा. सरावलेल्या कानाला जे ऐकू येत नाही ते त्याला येतं. प्रत्येकाने एकच दृष्टांत निवडून आपल्या कामाच्या जागेशी लावून सांगावा, आणि बाकीच्यांनी मध्ये उपदेश करू नये. ‘पवित्र शास्त्र’ हे रूढ मराठी बायबल आणि ‘सुबोध बायबल’ ही दोन्ही शेजारी ठेवली तर अडलेली जागा पटकन सुटते. मराठी उपासना अनुभवायची असेल तर गिरगावातलं अंब्रोली चर्च आणि भायखळ्याचं ह्यूम मेमोरियल या मिशन काळापासूनच्या मराठी मंडळ्या आहेत. पाळकांना आधी फोन करून वेळ विचारावी, म्हणजे उपासनेनंतर शंका विचारायलाही सवड मिळते.

कॅथलिक चर्चमध्ये वर्षातला एक रविवार खास या विषयाचा असतो. ख्रिस्तराजाचा हा सण पोप पायस अकरावे यांनी 1925 मध्ये सुरू केला, पहिल्या महायुद्धानंतर युरोपात नवनव्या हुकूमशहांची चलती होत असताना. आता तो नाताळपूर्व आगमनकाळाच्या आधीच्या रविवारी, म्हणजे नोव्हेंबरच्या अखेरीस येतो. त्या दिवशीचं वाचन तीन वर्षांच्या चक्राने बदलतं: एका वर्षी मत्तय 25 मधली भुकेल्या-तान्हेल्यांची यादी, दुसऱ्या वर्षी योहानातला पिलातापुढचा राजेपणाबद्दलचा संवाद, तिसऱ्या वर्षी लूकमधला वधस्तंभावर शेजारी खिळलेल्या गुन्हेगाराचा प्रसंग, जो येशूच्या राज्यात आपली आठवण राहावी म्हणून विनवतो. तीनही उतारे आधी घरी वाचून त्या रविवारी गेलं तर प्रवचन ऐकताना आपलं स्वतःचं मत हाताशी असतं.